‘सेट’ची नोंद : शालेय इंग्रजी–मराठी कोशाच्या कामातील टिपणे

10 जून 2024

मराठी माध्यमाच्या आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आमचा गट जो इंग्रजी–मराठी कोश तयार करीत आहे, त्यातील ‘एस’ या अक्षराचे संपादन माझ्याकडे असून आज ‘सेट’ या शब्दाची नोंद हाती घेतली. तीन अक्षरांचा हा शब्द मुले पाचवीच्या आतच शिकतात आणि पुढे त्याच शब्दापाशी सर्वांत जास्त अडतात, कारण प्रत्येक धड्यात तो वेगळ्याच अर्थाने समोर येतो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेले होते, आणि सुमारे 60,000 शब्दांची ती नोंद त्या वीस खंडांतील सर्वांत मोठी होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने लिहिल्या जाऊ लागल्यावर हा मान 2000 मध्ये ‘मेक’कडे, 2007 मध्ये ‘पुट’कडे आणि 2011 मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’चे 645 अर्थ नोंदवले गेले, त्या एका क्रियापदासाठी पीटर गिलिव्हर या संपादकाला सुमारे नऊ महिने लागले.

हे आकडे नवलाने सांगितले जातात. मला मात्र त्यांत कोशकाराचे काम दिसते. अर्थ कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे शब्दाच्या अंगावर लिहिलेले नसते. ती रेघ संपादक ओढतो, आणि कोणासाठी ओढतो यावर तिची जागा ठरते. इंग्रजीचा संपूर्ण इतिहास नोंदवणाऱ्याने 430 रेघा ओढाव्यात हे योग्यच आहे, परंतु उद्या सकाळी निबंध लिहायचा असलेल्या नववीतील मुलीला त्यांचा उपयोग नाही. आमच्या कोशात या नोंदीला छापील एक पान मिळणार आहे. त्या पानावर कोणत्या रेघा ओढायच्या, एवढाच या टिपणांचा विषय राहील.

14 जून 2024

आज व्युत्पत्ती पाहिली. शालेय कोशात व्युत्पत्ती छापणार नसलो तरी नोंद एक करायची की दोन, हे तिच्याशिवाय ठरत नाही.

‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जर्मानिक भाषांच्या जुन्या अवस्थेत साध्या क्रियापदापासून ‘तसे करायला लावणे’ या अर्थाचे दुसरे क्रियापद तयार होत असे आणि ‘सिट–सेट’प्रमाणेच ‘लाय–ले’ (आडवे होणे–आडवे ठेवणे) आणि ‘फॉल–फेल’ (पडणे–पाडणे) या जोड्या त्याच रीतीच्या आहेत. मुळातील धातू आपल्याही घरातला आहे: संस्कृत ‘सद्’ धातू तोच, आणि सदन, संसद, परिषद, उपनिषद, सभासद हे शब्द त्यापासून आलेले आहेत. मराठी ‘बसणे’ मात्र त्या धातूचे नाही. ते ‘उपविश्’पासून ‘बैसणे’ या वळणाने आले आहे. असे असूनही मराठीने ‘बसणे–बसवणे’ ही जोडी अगदी ‘सिट–सेट’च्या धर्तीवर वापरात आणली. एका भाषेने एका धातूपासून जे काम करून घेतले, ते दुसऱ्या भाषेने वेगळ्या धातूपासून करून घेतले, आणि ते किती दूरपर्यंत जुळते हे तपासणे मला या नोंदीचा गाभा वाटते.

‘संच’ या अर्थाचे नाम मात्र निराळे आहे. ते जुन्या फ्रेंचमधील ‘सेत’ आणि त्याच्यामागील लॅटिन ‘सेक्ता’ यांपासून आले, म्हणजे ‘पंथ’ या अर्थाचा इंग्रजी ‘सेक्ट’ हा त्याचा भाऊ. पुढे उच्चार एकच झाल्यामुळे बोलणाऱ्यांच्या मनात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले, आणि ‘मांडून ठेवलेल्या वस्तू’ म्हणजे सेट, अशी समजूत सहज बसली. इतिहास पाहिला तर नोंदी दोन. वाचकाची सोय पाहिली तर एका मुख्यशब्दाखाली क्रियापद, नाम आणि विशेषण असे तीन भाग. विद्यार्थी शब्द शोधतो तेव्हा त्याला फक्त अक्षरे ठाऊक असतात, म्हणून मी एकच मुख्यशब्द ठेवत आहे.

21 जून 2024

गेला आठवडा उदाहरणे गोळा करण्यात गेला. आठवी ते बारावीची इंग्रजीची, विज्ञानाची आणि भूगोलाची पाठ्यपुस्तके, इंग्रजी वृत्तपत्रे, खेळांच्या नियमपुस्तिका, पाककृती आणि काही न्यायनिर्णय एवढा मजकूर चाळून ज्या वाक्यांत हे क्रियापद आले ती वाक्ये वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवली आणि टेबलावर पसरून त्यांचे गट पाडले.

पहिल्यांदा गट इंग्रजी अर्थांनुसार पाडले: ठेवणे, निश्चित करणे, घट्ट होणे, सुरू करणे, मावळणे. ही विभागणी कोणत्याही इंग्रजी कोशात सापडते आणि दिसायला नीटनेटकी असते. मात्र ‘निश्चित करणे’ या गटातील वाक्यांचे मराठी करू लागलो तेव्हा तारीख ठरवतात, किंमत ठरवतात, पण गजर लावतात, प्रश्नपत्रिका काढतात आणि विक्रम नोंदवतात. गट एक असला तरी मराठीत शिरताना त्याची चार-पाच क्रियापदे झाली. विद्यार्थ्याने ‘निश्चित करणे’ हा प्रतिशब्द पाठ केला, तर तो गजर निश्चित करील आणि प्रश्नपत्रिकाही निश्चित करील. अशी वाक्ये आपण रोज वाचतो आणि त्यांतील मराठी कोणाच्या तोंडची नसते.

म्हणून सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकत्र केल्या आणि या वेळी फक्त एका गोष्टीवरून लावल्या: काय ‘सेट’ केले जाते आहे? शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, असे जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये लिहिले होते, आणि त्याच विचाराचा धागा धरून जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम येथे संगणकावर साठवलेल्या प्रचंड मजकुरावरून घडवलेला विद्यार्थी-कोश 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्याकडे तसा मजकुराचा साठा नाही, परंतु रीत तीच वापरता येते.

या रीतीने लावल्यावर चिठ्ठ्यांमधून मराठीची दोन क्रियापदे ठळकपणे वर आली. पहिले ‘बसवणे’. हाड बसवणे, अंगठीत खडा बसवणे, खांब जमिनीत बसवणे, कोंबडीला अंड्यांवर बसवणे, फरशी बसवणे. वस्तू हलणार नाही अशा रीतीने तिच्या नेमक्या जागी आणणे, हा या सर्वांचा समान धागा आहे. यांतील सोनाराचे काम विशेष पाहण्यासारखे आहे, कारण तेथे क्रियापदाबरोबर नामही मिळते. खडा ज्या घरात बसतो, त्या घरासाठी इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणतात आणि मराठीत ‘कोंदण’. हा शब्द आजही सराफाच्या दुकानात ऐकू येतो, आणि कवितेतही तो तितक्याच सहजपणे येतो.

दुसरे क्रियापद ‘लावणे’. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कामाला लावणे, आणि गीताला चाल लावणे. येथे वस्तू जागेवर खिळत नाही. ती चालू होते, किंवा चालू होण्याच्या तयारीत ठेवली जाते. ‘बसवणे’ आणि ‘लावणे’ यांमधील हा भेद मराठी मुलाला न शिकवता येतो, इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच शब्द आहे. ‘सेट’चे निम्म्याहून अधिक सामान्य प्रयोग या दोन क्रियापदांच्या पदरात पडतात, असे माझ्या चिठ्ठ्यांवरून दिसते, आणि म्हणून क्रियापदाच्या भागाचे पहिले दोन परिच्छेद याच दोन नावांनी सुरू करण्याचे ठरवले.

उलट दिशेचाही इशारा द्यायला हवा. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो, दहशत बसवतो. यांपैकी कोठेही इंग्रजीत ‘सेट’ चालत नाही. विद्यार्थी इंग्रजी निबंधात नेमका हाच शब्द घालण्याची शक्यता आहे, म्हणून चौकटीत दोन ओळींची सूचना राहील.

28 जून 2024

घट्ट होण्याच्या गटावर अधिक वेळ दिला, कारण येथे चुकीचा प्रतिशब्द दिल्यास विद्यार्थ्याचे विज्ञानही चुकते.

इंग्रजीत दही ‘सेट’ होते, जेली ‘सेट’ होते, जॅम ‘सेट’ होतो, तूप आणि सिमेंटही ‘सेट’ होते. मराठीने या प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद राखून ठेवले आहे, आणि त्यामागे पदार्थाचे निरीक्षण आहे. दही लागते: विरजणातील जीवाणू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंतून दुधाचे दही होते. तूप थिजते: येथे रासायनिक बदल काहीच नाही, थंडीने स्निग्ध पदार्थ घन होतो आणि ऊब मिळाली की पुन्हा पातळ होतो. खीर किंवा आमटी आळते, म्हणजे तिच्यातील पाणी आटून ती दाट होते. येथे इंग्रजी ‘सेट’ लागूच पडत नाही, हे मुद्दाम सांगावे लागेल. वड्यांचे मिश्रण थापल्यावर ‘वडी पडते’ किंवा पडत नाही. चायना ग्रासचे द्रावण साधारण 40 अंश सेल्सियसच्या खाली आले की घट्ट होते, पण एकदा घट्ट झालेले पुन्हा वितळवायला ते सुमारे 85 अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणून उन्हाळ्यात ताटलीत ठेवलेली त्याची वडी जागची हलत नाही. लागणे, थिजणे, आळणे आणि वडी पडणे ही स्वयंपाकघरातील क्रियापदे पाठ्यपुस्तकात फारशी दिसत नाहीत, तेथे सर्वत्र ‘घट्ट होणे’ असते. मला ती कोशात हवी आहेत, कारण ती मुलांना घरी रोज ऐकू येतात आणि इंग्रजी शब्दाशी त्यांची गाठ अजून कोणी घालून दिलेली नाही.

सिमेंटचा प्रश्न याहून नाजूक आहे. सर्रास ‘सिमेंट सुकले’ किंवा ‘सिमेंट वाळले’ असे म्हटले जाते आणि एका जुन्या मसुद्यातही तोच प्रतिशब्द होता. परंतु सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होते, म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होते, आणि म्हणूनच गिलावा झाल्यावर गवंडी त्यावर दिवसेंदिवस पाणी मारतात. जे वाळायला हवे त्यावर कोणी पाणी मारीत नाही. ‘सुकणे’ हा प्रतिशब्द छापला तर बांधकामावर पाणी का मारतात हे कळण्याचा रस्ताच आपण बंद करू.

खात्री करून घेण्यासाठी शेजारच्या बांधकामावर जाऊन एका अनुभवी गवंड्यांशी बोललो. घमेल्यात कालवून ठेवलेल्या मालाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “साहेब, यानं पकड घेतली. आता पाणी घालून पुन्हा कालवला तरी कामाचा नाही.” त्यांनी थापीने मालाचा कड उचलून दाखवला, तो ओघळला नाही, तुटला. ‘पकड घेणे’ हा प्रयोग मला फार योग्य वाटला, कारण अभियांत्रिकीत ‘सेट’ होणे आणि ‘हार्डन’ होणे यांत जो भेद करतात तो यात नेमका उतरतो. लगदा वाहणे थांबवतो, ती पकड. त्यानंतर आठवडेच्या आठवडे बळ वाढत राहते, ते कडक होणे. भारतीय मानक आयएस 269 नुसार साध्या पोर्टलंड सिमेंटने पहिली पकड 30 मिनिटांच्या आत घेता कामा नये आणि अंतिम पकड 600 मिनिटांच्या आत पूर्ण व्हायला हवी. विकॅट नावाच्या उपकरणात एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई लगद्यात सोडून ही वेळ मोजतात. सुई तळापासून सुमारे 5 मिलिमीटरवर अडली की पहिली पकड झाली. ही वेळ मिळावी म्हणून कारखान्यात सिमेंट दळतानाच त्यात जिप्सम घालतात. ते नसते तर पाणी पडताच काही मिनिटांत लगदा आवळला असता आणि माल भिंतीपर्यंत नेण्याचीही सवड उरली नसती.

नोंदीत असे राहील: सिमेंट, प्लास्टर यांसाठी ‘पकड घेणे, घट्ट होणे’, ‘सुकणे, वाळणे’ नव्हे.

2 जुलै 2024

सूर्याचा अर्थ निकालात काढला. मावळणे, अस्ताला जाणे. बोलीत दिवस बुडणे. याखेरीज काही लिहिण्याची गरज नाही.

कंपासपेटीतील त्रिकोणी पट्टीला इंग्रजीत ‘सेट स्क्वेअर’ म्हणतात. मराठीत तो ‘गुण्या’. सुतार आणि गवंडी काटकोन तपासण्यासाठी जे साधन वापरतात त्याचेही नाव गुण्याच आहे, ही गोष्ट मुलांना कळावी म्हणून उदाहरण सुताराचे दिले.

9 जुलै 2024

उपसर्गासारखे शब्द जोडून होणारे प्रयोग आज घेतले. येथे ‘सेट’चा अर्थ पुढच्या शब्दाने बदलतो आणि पुढचा शब्द तोच राहिला तरी क्षेत्र बदलले की पुन्हा बदलतो.

‘सेट इन’ हा प्रयोग ऋतूंच्या संदर्भात येतो. केरळात मान्सूनच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 1 जून मानली जाते. इंग्रजी बातमीत तो ‘सेट इन’ होतो, मराठी बातमीत ‘दाखल होतो’. बोलण्यात पाऊस लागतो, थंडी पडते, अंधार पडतो, सडायला लागते. चारही ठिकाणी भाव एकच: आलेली स्थिती आता लवकर हटणारी नाही. ‘सेट अप’साठी उभारणे आणि स्थापन करणे हे शब्द आहेतच, पण दुकान आणि संसार यांच्यासाठी ‘थाटणे’ हा शब्द द्यायलाच हवा. ‘सेट आउट’ आणि ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे, आणि फटाक्यांच्या बाबतीत ‘सेट ऑफ’ म्हणजे उडवणे. ‘सेट बॅक’ म्हणजे मागे ढकलणे, खोळंबा होणे, तर जोडून लिहिलेले नाम म्हणजे पीछेहाट. बांधकामाच्या नियमांत मात्र त्याच शब्दाचा अर्थ इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा असा असून तिला आपल्याकडे ‘सामासिक अंतर’ म्हणतात.

सर्वांत जपायला हवे ते न्यायालयीन प्रयोगांना. ‘सेट असाइड’ म्हणजे व्यवहारात बाजूला ठेवणे: पैसे बाजूला ठेवले, मतभेद बाजूला ठेवले. न्यायालय मात्र जेव्हा खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ करते, तेव्हा तो आदेश रद्द होतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 9, नियम 13 नुसार प्रतिवादीच्या गैरहजेरीत दिलेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो. तेथेही हेच शब्द आहेत. ‘न्यायालयाने आदेश बाजूला ठेवला’ असे भाषांतर वाचणाऱ्या पक्षकाराला वाटेल की आदेश अजून जिवंत आहे आणि पुढे कधीतरी विचारात घेतला जाईल. एका चुकीच्या प्रतिशब्दामुळे माणूस आपला हक्क गमावल्याच्या किंवा न गमावल्याच्या भ्रमात राहू शकतो, म्हणून हा प्रयोग शालेय कोशाच्या मर्यादेत बसत नाही असे गटातील एका सदस्यांचे मत असतानाही मी तो ठेवण्याचा आग्रह धरला. बारावीनंतर हा कोश घरात राहतो, आणि घरात आलेली नोटीस वाचायला अनेक ठिकाणी तोच उघडला जातो.

‘सेट ऑफ’चेही तसेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 468 नुसार (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 428 नुसार) खटला चालू असताना आरोपीने कैदेत काढलेला काळ पुढे झालेल्या शिक्षेतून वजा होतो. पैशांच्या व्यवहारात एका बाजूचे येणे दुसऱ्या बाजूच्या देण्यातून वजा करणे, वळते करून घेणे. ‘वजा करणे’ आणि ‘वळते करणे’ हे दोन शब्द बँकेत आणि हिशेबनिसाच्या वहीत आजही चालू आहेत आणि नोंदीत तेच दिले.

17 जुलै 2024

नामाचा भाग. ‘संच’ हा प्रतिशब्द इतका पक्का आहे की त्यापुढे फारसे शोधावे लागत नाही. गेओर्ग काँटर यांच्या 1874 मधील लेखापासून ज्या गणिताची सुरुवात मानतात, त्याला मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘संच’ हेच नाव दिले आणि नववीच्या गणिताचा आरंभच त्या प्रकरणाने होतो. नाट्यव्यवसायातही ‘मूळ संचातील नाटक’ अशी जाहिरात येते. तेथे मात्र संच म्हणजे नटांचा ताफा, आणि त्याला इंग्रजीत ‘सेट’ म्हणत नाहीत. रंगमंचावरील देखाव्याला मात्र ‘सेट’ म्हणतात, तो आपला ‘नेपथ्य’. एकाच नाटकातील या दोन गोष्टींची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्ही उदाहरणे लागोपाठ ठेवली.

सोफा सेट, चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, चित्रपटाचा सेट येथे मराठीने ‘सेट’ हा शब्दच घेतला आहे आणि तो काढून टाकण्याचा खटाटोप मी करणार नाही. कोशाने लोकांच्या तोंडचा शब्द नोंदवावा. कर्नाटकातील सेट दोसा हाही याच अर्थाचा, कारण तो दोन-तीन डोशांची जोड म्हणून वाढला जातो. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेली ‘सेट’ ही परीक्षा मात्र राज्य पात्रता परीक्षेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून झालेली असून तिचा या शब्दाशी संबंध नाही. तिला या नोंदीत जागा नाही.

खेळांत व्हॉलीबॉलचे उदाहरण निवडले, कारण महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळांत तो खेळला जातो आणि त्यात हा शब्द दोन अर्थांनी एकाच वेळी मैदानावर असतो. 25 गुणांचा डाव म्हणजे सेट, निर्णायक पाचवा 15 गुणांचा. आणि जाळ्याजवळच्या खेळाडूने तडाख्यासाठी सोबत्याला बोटांनी वर उचलून दिलेला चेंडू म्हणजेही सेट. टेनिसमधील सेटसाठी 2010 च्या विम्बल्डनमधील इस्नर आणि माहू यांचा सामना उदाहरण म्हणून घेतला. त्या वेळी शेवटच्या सेटला टाय-ब्रेक नसल्यामुळे तो 70–68 असा संपला आणि सामना तीन दिवस चालला. नियम समजावून सांगण्याचे काम हे एक वाक्य करते.

6 ऑगस्ट 2024

काल पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसने बांबूउडीत 6.25 मीटरचा जागतिक विक्रम केला. आज सकाळच्या इंग्रजी मथळ्यांत ‘सेट’ हाच शब्द आहे. मराठीत विक्रम नोंदवला, केला, प्रस्थापित केला. ‘विक्रम रचला’ हेही आता वाचायला मिळते, पण रचतात ती कविता किंवा कट; हा प्रयोग हिंदीच्या वळणाने आलेला दिसतो आणि मी तो नोंदीत घेतलेला नाही.

ऑलिम्पिकमुळेच आणखी एक अर्थ ध्यानात आला. 400 मीटरपर्यंतच्या शर्यतींत पिस्तुलाआधी दोन आज्ञा असतात आणि दुसरी ‘सेट’ ही असते. त्या आज्ञेनंतर धावपटू कंबर उचलून शेवटची स्थिती घेतो आणि पिस्तूल वाजेपर्यंत निश्चल राहतो. ‘तयार’ हा प्रतिशब्द जवळचा असला तरी त्यात निश्चलता येत नाही, म्हणून ‘तयार आणि स्थिर’ असे दिले. विशेषणाच्या भागात हीच छटा वर आली. वृत्तपत्रांतील ‘सेट टु’ म्हणजे सज्ज असणे, होण्याच्या बेतात असणे. ‘सेट’ अभ्यासक्रम म्हणजे नेमलेला. ‘सेट’ वेळ म्हणजे ठरलेली. आणि आपल्या सवयी न बदलणाऱ्या माणसाविषयी म्हटले असेल तर अंगवळणी पडलेल्या सवयींचा.

व्याकरणाची एक ओळ शीर्षकालगतच हवी. या क्रियापदाची तिन्ही रूपे सारखीच आहेत. वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यानंतर ‘एस’ लागतो, भूतकाळी लागत नाही. ‘एस’ दिसला नाही तर क्रिया होऊन गेली, हे विद्यार्थ्याने तेवढ्यावरूनच ओळखायचे असते. उतारा वाचून उत्तरे लिहिण्याच्या प्रश्नात याच ठिकाणी काळ चुकतो.

14 ऑगस्ट 2024

मसुदा एका शाळेतील इंग्रजीच्या शिक्षिकांना वाचायला दिला होता. त्यांनी दहावीच्या वर्गात मुलांना वेगवेगळी वाक्ये देऊन ही नोंद पाहून मराठी करायला सांगितले. काय सेट होते आहे हे आधी शोधायचे, ही रीत मुलांनी लगेच उचलली, असे त्या म्हणाल्या. अडले ते कादंबरीच्या वाक्यापाशी, कारण ‘ही कादंबरी कोकणात सेट आहे’ याला बसवणे, लावणे, ठरवणे यांपैकी काहीच लागू पडत नव्हते. एका मुलीने वहीत लिहिले, “ही कादंबरी कोकणात घडते.” याहून चांगला प्रतिशब्द आम्हाला सुचलेला नाही, तो नोंदीत घेतला.

क्रम आता असा पक्का झाला: आधी बसवणे, मग लावणे, त्यानंतर ठरवणे, नेमणे, काढणे, मग मांडणे, ज्यात जेवणाची ताटे आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या येतात, त्यानंतर जुळवणे. या शेवटच्या अर्थासाठी छापखान्याचे उदाहरण ठेवले. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवण्याचे काम संपून काळ लोटला, तरी मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘अक्षरजुळणी’ हा शब्द आजही छापला जातो, आणि आमच्या कोशाच्याही पानावर तो असेल. त्यापुढे घट्ट होण्याचा गट, मग मावळणे, आणि सर्वांत शेवटी जोडशब्दांचे प्रयोग. पान एका ओळीने ओलांडत होते. ‘सेट सेल’ (जहाजाने प्रवासाला निघणे) हा प्रयोग आठवी ते बारावीच्या पुस्तकांत सापडला नाही, तो काढला.

नोंद आज मुद्रितशोधनाकडे दिली. गटाच्या पुढील बैठकीत ‘बसणे’, ‘बसवणे’, ‘लागणे’ आणि ‘लावणे’ या चार मराठी क्रियापदांची उलट दिशेची, म्हणजे मराठी–इंग्रजी पुरवणी कोशाच्या शेवटी जोडावी असा प्रस्ताव मी मांडणार आहे. त्यासाठी मोल्सवर्थच्या 1857 च्या आणि दाते-कर्वे यांच्या कोशांतील या क्रियापदांच्या नोंदी उतरवायला घेतल्या आहेत. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, वाटेत गाव लागते, नोकरी लागते, बस लागते आणि पुण्याला जायला तीन तास लागतात: ‘लागणे’ या एका क्रियापदालाच छापील दोन पाने लागतील असे दिसते, आणि तेवढी जागा मागणार आहे.